न ऐकलेले पक्षी

ऑटोचा आरसा अमरदीपच्या उजव्या कोपराला लागला आणि हातातली कोथिंबिरीची जुडी रस्त्यावर पडली. एवढंच झालं. आदिलाबादच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी संध्याकाळच्या वेळी असं रोज कुणाला तरी होत असतं. ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली, "कब से हॉर्न मार रहा हूँ काका, बहरे हो क्या?" असं म्हणाला आणि निघूनही गेला. अमरदीपनं जुडी उचलली, झटकली. मेथी विकणाऱ्या बाईनं विचारलं, "लागलं का जी?" त्यानं नुसती मान हलवली आणि तो घराकडे चालू लागला. पंधरा-वीस पावलांवर मात्र तो थांबला. आपण दुसऱ्याच विचारात होतो, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते खरं नव्हतं. तो कसलाच विचार करत नव्हता. हॉर्न त्याच्या उजव्या हाताला, दोन हातांवर वाजला होता, आणि त्याच्यापुरता तो वाजलाच नव्हता.

घरी गेल्यावर त्यानं न्हाणीघराचं दार लावून घेतलं. डाव्या कानापाशी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. खसखस आली, पण नेहमीपेक्षा बोथट, ओल्या कापडाची असावी तशी. मग उजव्या कानापाशी. बोटं घासली जात होती हे बोटांना कळत होतं, कानाला कळत नव्हतं. त्यानं बोटं जवळ नेली, आणखी जवळ, शेवटी कानाच्या पाळीला टेकवली. बाहेरून प्रगतीनं, त्याच्या बायकोनं, काहीतरी विचारलं आणि त्यानं "हो" म्हटलं. मग त्याला एकेक आठवत गेलं. गेलं वर्षभर तो फोन डाव्या कानाला लावत होता. पाटबंधारे कार्यालयात त्यानं आपलं टेबल भिंतीकडे सरकवून घेतलं होतं, म्हणजे उजवीकडे कुणी बसू नये; कारण सांगताना त्यानं उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते असं सांगितलं होतं. टीव्हीसमोर प्रगतीच्या उजव्या हाताला बसायची सवयही अशीच लागली होती. शरीरानं सगळी व्यवस्था गुपचूप लावून घेतली होती आणि त्याला स्वतःला पत्ता लागू दिला नव्हता.

तपासायला तो मंचेरियलला गेला. आदिलाबादेत कानाचे डॉक्टर नव्हते असं नाही, पण तिथल्या प्रत्येक दवाखान्याबाहेरच्या बाकावर ओळखीचं कुणी ना कुणी बसलेलं असतंच. ऑफिसचं काम आहे असं घरी सांगून तो सकाळच्या बसनं निघाला. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानांना यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं, आणि तो बराच वेळ काहीच न दाबता बसून राहिला. काचेपलीकडची मुलगी त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेला घाबरून त्यानं दोन-तीनदा उगाच बटण दाबलं. डॉक्टरांनी कागदावरची रेघ पेनाच्या टोकानं दाखवली. उजवा कान जवळजवळ गेला होता. डावा होता, पण बारीक आवाज त्यातूनही गळून गेले होते. "इथून पुढचं तुम्हाला ऐकू येत नसणार," डॉक्टर हिंदीत म्हणाले, "लहान मुलांचं बोलणं, घड्याळाची टिकटिक, पक्षी." पक्षी हा शब्द त्यांनी सहज, उदाहरणादाखल घेतला होता. समोरच्या माणसाकडे त्याशिवाय दुसरं काय आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मशीन लावावं लागेल, ते म्हणाले. अमरदीपनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवली.

दर डिसेंबरात, एका रविवारी, पैनगंगेच्या कड्यावरून पक्ष्यांची गणती व्हायची. सोळा वर्षांत खंड नव्हता. जैनथच्या पुढे नदी एके ठिकाणी वळते आणि अलीकडचा काठ साठ-सत्तर फूट तुटून सरळ पाण्यात उतरतो. त्या तुटलेल्या कडेनं तीन कोस चालायचं. डाव्या हाताला खाली नदी, उजव्या हाताला जंगल. जे दिसेल ते लिहायचं, आणि जे नुसतं ऐकू येईल तेही लिहायचं. ऐकायचं काम अमरदीपचं. आदिलाबादच्या निसर्गमंडळात डॉक्टर होते, इंजिनिअर होते, महागड्या दुर्बिणी होत्या, हातभर लांब लेन्सा होत्या. पण झुडपात काही चिवचिवलं आणि अमरदीपचं बोट वर गेलं, की ती सगळी मंडळी चालता चालता जागच्या जागी थांबायची, श्वास धरायची, आणि तो नाव सांगेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, आणि घरी येऊन त्यानं प्रगतीला सांगितलं होतं, "आज मोठमोठे लोक माह्या बोटाकडे पाहून राह्यले होते." त्याचे वडील, नागनाथ, तलमडुगुकडच्या एका पाटलाची ज्वारी राखायचे. हिवाळ्याच्या पहाटे माळ्यावर बसून ते त्याला सांगायचे, डोळे मीट, कोण आलं ते सांग. पुस्तकातली नावं त्याला पुढे कळली. आवाज आधीच येत होते. वडिलांनी आयुष्यभर जे दुसऱ्याच्या पिकासाठी वापरलं, ते त्यानं स्वतःसाठी वापरलं होतं. आणि आता ते गेलं होतं.

त्या रविवारी बंगालच्या उपसागरातलं वादळ आत घुसलं होतं. दोन दिवस आभाळ खाली आलेलं, मधूनमधून तिरका पाऊस, आणि वारा तर थांबतच नव्हता. वेचायचा राहिलेला कापूस शेताशेतांतून भिजून लोंबत होता. मंडळाच्या ग्रुपवर रात्रीच एकेकाचे निरोप यायला लागले होते, सर्दी झाली, गाडी नाही, पुढच्या रविवारी करू. त्यातच बातमी होती की पलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ नदी ओलांडून अलीकडे आलाय आणि तीन दिवसांपूर्वी त्यानं एक गाय मारली. अमरदीपलाही 'पुढच्या रविवारी' असं लिहिता आलं असतं. अंगठा त्या अक्षरांवर गेलाही होता. पण न जाणं म्हणजे कबूल करणं, असं त्याला वाटलं; कुणाजवळ कबूल करणं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. निघताना प्रगती म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात काऊन जाऊन राह्यले? बाकीचे त कोणी नाही येऊन राह्यले." तो बुटाच्या नाड्या बांधत म्हणाला, "सोळा वर्षांत खंड नाही पडला." मग ती उजव्या बाजूला येऊन आणखी काहीतरी म्हणाली. त्यानं वर न बघता मान हलवली. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

कड्याजवळच्या गुड्यात, गोंडांच्या वस्तीत, मोतीराम वाट बघत होता. मोतीराम गोंड, चाळिशीचा, जंगल खात्याचा वॉचर; दरवर्षीच्या गणतीत वाट दाखवायला तोच असायचा. जैनथहून भाग्यश्री आली होती, डिग्री कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, शेतकऱ्याघरची मुलगी, गेल्या वर्षापासून मंडळात येणारी. तिच्याकडे नोंदवही होती, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. तिघंच. मोतीरामनं आभाळाकडे बघितलं, नदीकडे बघितलं, आणि म्हणाला, "दुसरं कोणी असतं त मी नाहीच म्हटलं असतं सायेब. पण तुमचे कान हायेत. वाघ पाहून वानरं बोंबलली का तुमाले आधी समजते. वरूनच जाऊ, कडा सोडाचा नाही." अमरदीप हसला. हसताना आपल्या तोंडाचा आकार कसा दिसतो आहे याची त्याला जाणीव होत होती.

आणि ते चालू लागले. डावा कान नदीकडे होता आणि वारा नदीवरूनच येत होता, कड्याला आपटून वर उसळणारा, त्यामुळे एवढ्या एका उरलेल्या कानात घरघर भरून राहिली होती, गिरणीच्या पट्ट्यासारखी. उजवीकडे जंगल होतं. साग, पळस, घाणेरीची जाळी, सगळं हलत होतं, वाकत होतं, पानं उलटीसुलटी होत होती, आणि त्यातून काहीही येत नव्हतं. इतकं सगळं हलतंय आणि आवाज नाही, हे बघवेना म्हणून त्यानं नजर वाटेवर आणली. दोनशे पावलांवर एका बाभळीपाशी भाग्यश्री थांबली आणि तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला काही ऐकू आलं होतं की ती केवळ सवयीनं थांबली होती हे त्याला कळेना. त्याचं बोट वर गेलं. सोळा वर्षं ते आपोआप वर जात होतं. "पर्णवटवट्या," तो म्हणाला, "दोन." हिवाळ्यात त्या बाभळीत पर्णवटवटे असतातच. तिनं लिहून घेतलं. मोतीराम पुढे वाट बघत उभा होता. काहीच झालं नाही. कडा तसाच राहिला, वारा तसाच राहिला.

पहिलं खोटं एवढं सोपं गेलं म्हणून मग दुसरं गेलं. पळसाच्या राईत तांबट असतो, म्हणून तांबट. बांबूपाशी शिंपी असतो, म्हणून शिंपी. नाव घ्यायच्या आधी तो भाग्यश्रीच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होता. तिची मान किंचित वळली की तिकडे काहीतरी आहे हे समजायचं, आणि तिथं काय असू शकतं हे त्याला पाठ होतं. एकदा तिनं विचारलं, "सर, हे कोणतं? टिक्‌टिक्‌ करून राह्यलं ते?" टिक्‌टिक्‌ म्हणजे काहीही असू शकत होतं. तो डोळे मिटून उभा राहिला. चेहरा गंभीर केला, हनुवटी उचलली, अगदी पूर्वी करायचा तसाच, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांच्या आत फक्त वारा होता. "वटवट्याच," तो म्हणाला. "साधा." ती थोडी घुटमळली. "मला वाटलं चिरक आहे." "नाही," तो म्हणाला, आणि हे नाही त्याच्या तोंडून फार पटकन आणि फार ठामपणे आलं. तिनं चिरक खोडलं आणि वटवट्या लिहिलं. पेन ओल्या कागदावर अडखळलेलं त्याला दिसलं.

त्याला आई आठवायला लागली, नको असताना. सखूबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, बारा वर्षं मशीनच्या खडखडाटात, आणि तिचे कान तिथेच राहिले. ती कधी सांगायची नाही. कुणी बोललं की हसायची आणि मान हलवायची, आणि बहुतेक वेळा ते जमून जायचं, कारण गरीब बाईच्या हो-नाहीकडे कोण लक्ष देतं. तो बारा वर्षांचा असताना दुपारी एक पाहुणा आला, तिच्या माहेरगावचा. दारातच उभं राहून, टोपी हातात घेऊन त्यानं सांगितलं की तिचा भाऊ सकाळी गेला. आईनं हसून मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली, "बरं झालं, बसा, पाणी घ्या." तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. अमरदीप आत अभ्यास करत होता; त्यानं दोन्ही ऐकलं होतं, निरोपही आणि उत्तरही. त्याला धावत जाऊन तिच्या कानात ओरडता आलं असतं. तो जागचा उठला नाही. आधी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला, तिचाच. पाहुणा खुणा करून तिला समजावत होता तेव्हा तिचं हसू ज्या रीतीनं चेहऱ्यावरून उतरत गेलं, हळूहळू, जणू तिला ते कुठं ठेवावं कळत नव्हतं, ते त्यानं पुस्तकाच्या कडेवरून पाहिलं होतं. नंतर माहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षं ती गोष्ट सांगितली. काही हसत सांगायचे.

कड्याच्या मध्यावर एक नाला जंगलातून येऊन नदीत पडतो. दोन दिवसांच्या पावसानं तो भरला होता; पिवळं पाणी दगडांवरून फेसाळत कड्याच्या खाचेतून खाली कोसळत होतं. मोतीराम काठाशी वाकून बघत राहिला. मग मागे येऊन म्हणाला, "थोडं वर, नाल्याच्या वाळूत, काल पंजे दिसले होते. पावसानं पुसून जातील. खात्याच्या सायबानं फोटो मांगितला हाय. मी जाऊन येतो दहा मिनिटांत. खाली पाण्याचा आवाज लय हाय, मले तिथं काहीच ऐकू येणार नाही." त्यानं गळ्यातली शिट्टी दोरीसकट काढून अमरदीपच्या गळ्यात घातली. "तुमी इथंच थांबजा. वानेर बोंबललं का तीनदा वाजवजा. मी लगेच वर येतो."

हाच तो क्षण होता. नंतर कित्येक दिवस अमरदीप या क्षणापाशी परत परत जाणार होता, आणि दर वेळी त्याला आठवणार होतं की तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, तीनच शब्दांचं. पण मोतीराम आपल्याकडे ज्या नजरेनं बघत होता तिच्यात शंकेला जागाच नव्हती, आणि अशा नजरेसमोर ते तीन शब्द ठेवणं म्हणजे भर बाजारात अंगावरचे कपडे उतरवण्यासारखं वाटलं. दहा मिनिटं, त्यानं मनात म्हटलं. दहा मिनिटांत काय होणार आहे. शिट्टी अजून मोतीरामच्या अंगानं कोमट होती. मोतीराम घाणेरीची फांदी बाजूला सारून खाली उतरला, त्याची खाकी टोपी एकदा दिसली, मग दिसेनाशी झाली.

पाऊस पुन्हा सुरू झाला. भाग्यश्रीनं रेनकोटची टोपी ओढून घट्ट बांधली. अमरदीप वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे डावा कान जरा तरी मोकळा होईल. पण वारा मानेला वळसा घालून आत शिरतच होता. तो ऐकत होता. आयुष्यात कधी ऐकलं नसेल इतक्या जोरानं ऐकत होता, जबड्याचे स्नायू दुखायला लागले होते. भाग्यश्रीनं त्याच्या बाहीला हात लावला. तिनं काय म्हटलं ते तिच्या ओठांवरून कळलं, "सर, काही आलं का? खोकल्यासारखं?"

"नाही," तो म्हणाला. "शांत आहे."

"मला वाटलं खालून…"

"फांद्या घासल्या जातात एकमेकींवर. वाऱ्यानं."

तिनं मान हलवली. तिनं स्वतःच्या कानावर नाही, त्याच्या कानावर विश्वास ठेवला. हे होताना त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती नदीकडे वळली. तो जंगलाकडे बघत राहिला, कारण आता बघण्याशिवाय काही उरलं नव्हतं. नाल्यापलीकडे मोहाचं उंच झाड होतं. त्याच्या वरच्या फांदीवर एक मोठं वानर बसलं होतं, भिजलेलं, शेपटी खाली लोंबणारी. ते खाली बघत होतं, आणि त्याचं तोंड उघडत होतं. मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. दर वेळी त्याचं सगळं अंग आचका दिल्यासारखं हलत होतं, काळ्या तोंडातले दात दिसत होते, गळा फुगत होता. आणि त्यातून काहीही येत नव्हतं. वानर जिवाच्या आकांतानं ओरडत होतं आणि अमरदीपपर्यंत फक्त वारा येत होता.

किती वेळ ओरडत होतं ते? ती खोकल्याविषयी बोलली तेव्हापासून? त्याच्याही आधीपासून? त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. काहीच आवाज आला नाही. त्यानं पुन्हा फुंकली, गाल फुटतील इतक्या जोरानं. शिट्टी बिघडलीय, त्यात पाणी गेलंय, असं त्याला वाटलं. ती झटकून त्यानं पुन्हा तोंडात घातली. मग त्याला दिसलं की भाग्यश्रीनं दचकून दोन्ही हात कानांवर नेले आहेत.

"वाजते का?" तो ओरडला. "भाग्यश्री, वाजते का ही?"

"वाजते ना सर! काय झालं?"

"मला नाही ऐकू येत," तो म्हणाला. "वानर ओरडून राह्यलं, मला नाही ऐकू येऊन राह्यलं. तू ओरड. मोतीरामला हाक मार."

ती अर्धा क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग काठाशी धावली, आणि ओंजळ तोंडाशी धरून तिनं हाका मारायला सुरुवात केली. तो शिट्टी फुंकत राहिला, तीनदा, पुन्हा तीनदा, न ऐकू येणारी शिट्टी, वानराच्या उघड्या तोंडाकडे बघत. नाल्यापलीकडची घाणेरी एका बाजूला वाऱ्यानं वाकत होती आणि मध्येच एका ठिकाणी ती वाऱ्याच्या उलट हलली. एवढंच त्याला दिसलं. भाग्यश्रीनं त्याचा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं स्वेटरमधून आत रुतली.

मग अलीकडच्या काठावर एक हात आला. दगड धरू पाहणारा, निसटणारा, पुन्हा धरणारा. अमरदीप पालथा पडला आणि त्यानं ते मनगट पकडलं. भाग्यश्रीनं त्याचे पाय धरले. चिखलातून मोतीराम वर आला आणि गुडघ्यांवर बसून राहिला. एका पायात बूट नव्हता. तळहात फाटला होता, पावसाच्या पाण्यात रक्त पातळ होऊन मनगटावरून वाहत होतं. त्याचे ओठ हलत होते. अमरदीपनं डावा कान जवळ नेला.

"वीस पावलं," मोतीराम म्हणत होता. "पाण्याच्या पलीकडं उभा होता. माह्याकडंच पाहून राह्यला होता. मी खाली वाकून फोटो काढत होतो न्‌ वर पाह्यलं त उभा. मंग शिट्टी वाजली तसं त्यानं तोंड फिरवलं." तो थांबला. भाग्यश्री आपला रुमाल त्याच्या हाताला बांधत होती. मग त्यानं वर बघितलं. "वानेर त केव्हाचं बोंबलत असल सायेब. शिट्टी एवढी उशिरा काऊन?"

"वारा खूप होता," भाग्यश्री पटकन म्हणाली. "आम्हाला दोघांनाही नाही आलं ऐकू, मोतीराम भाऊ."

ती हे त्याच्याकडे न बघता म्हणाली. वाट उघडी होती. त्यानं नुसती मान हलवायची होती. मान हलवणं किती सोपं असतं हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार. "तिला आलं होतं," अमरदीप म्हणाला. "तिनं मला विचारलं. मीच नाही म्हटलं. माझा उजवा कान गेलाय मोतीराम, डावाही अर्धा गेलाय. महिना झाला मला माहीत आहे."

मोतीरामनं रुमाल बांधलेला हात छातीशी धरला. पाऊस त्याच्या भुवयांवरून टपकत होता. "मंग सांगाचं ना सायेब," तो म्हणाला. ओरडून नाही. "सांगतलं असतं त बाईले ठेवलं असतं कान द्यायले. नाही त मी उतरलोच नसतो. त्याच्यात काय होतं?" तो उठला. "घरी दोन पोरी हायेत माह्या." त्यानं अमरदीपच्या गळ्यातली दोरी स्वतःच काढून घेतली, शिट्टी भाग्यश्रीच्या हातात दिली, आणि एका पायातल्या बुटानं परतीच्या वाटेला लागला.

त्याच्यात काय होतं. अमरदीप मागून चालत होता आणि ते तीन शब्द त्याला सोडत नव्हते. इतके दिवस जी गोष्ट त्यानं छातीशी धरून ठेवली होती, ती मोतीरामच्या दृष्टीनं फक्त कोण कुठं उभा राहणार एवढ्याचा प्रश्न होती. बाईला उभं करायचं, संपलं. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. अर्ध्या वाटेत एका खडकाच्या आडोशाला त्यानं भाग्यश्रीकडे वही मागितली. एकवीस नावं होती. त्यानं पेन घेतलं आणि एकेक खोडायला लागला. पर्णवटवट्या, तांबट, शिंपी. ती बघत होती. "हे चिरकच होतं," तो म्हणाला, "तू बरोबर होतीस," आणि वटवट्या खोडून त्यानं चिरक लिहिलं, आणि पुढे कंसात तिचं नाव. उरली नऊ. नदीतले चक्रवाक, खंड्या, दोन धोबी, डोळ्यांनी पाहिलेले. वही परत घेताना तिनं ती पिशवीत घालण्याआधी पुसली, नीट, दोन्ही बाजूंनी.

परत जाताना जंगल डाव्या हाताला आलं होतं. वारा आता उजवीकडून, मेलेल्या कानावर आदळत होता, आणि डाव्या कानात हळूहळू काही काही यायला लागलं. सागाच्या पानांवरचे थेंब, जाड, संथ. चिखलातला मोतीरामचा एकच बूट. मग दुरून, मोकळ्या रानावरून, दोनतीनदा काहीतरी. त्याचं बोट वर गेलं नाही. तो थांबला आणि त्यानं विचारलं, "टिटवी आहे ना ती?" "हो सर," भाग्यश्री म्हणाली, "टिटवीच." सोळा वर्षांत त्या कड्यावर त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

गुड्यात मोतीरामच्या घरासमोर पडवीत शेकोटी होती. मोतीरामचा बांधलेला हात लांबूनच दिसला होता. आठ-दहा माणसं जमली, मोतीराम त्यांना गोंडीत सांगायला लागला. हातांनी नाला दाखवला, वीस पावलं दाखवली, वाघाचं उभं राहणं दाखवलं. बाया तोंडावर पदर घेऊन ऐकत होत्या. मध्येच त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला आणि सगळी डोकी एकदम अमरदीपकडे वळली. पळून जाण्यासारखी जागा नव्हती. तो शेकोटीकडे बघत राहिला. मोतीरामची बायको, तुळजाबाई, कपबशी घेऊन आली, त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि सगळ्या ताकदीनं ओरडली, "च्याऽऽ घ्या सायेब!" पडवीतल्या कोंबड्या फडफडून उठल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. भाग्यश्रीनं मान खाली घातली.

अमरदीपचा चेहरा तापला. कप हातात घेताना बशीत थोडा चहा सांडला. मग तो म्हणाला, "बाई, एवढ्या जोरानं नको. या अंगानं बसून बोला, येते ऐकू."

तुळजाबाई वळसा घालून डाव्या बाजूला आली, उकिडवी बसली, आणि साध्या आवाजात विचारलं, "तुमी बी पाह्यला का वाघ?"

"नाही," अमरदीप म्हणाला. "मी वानेर पाह्यलं. त्याचं तोंड उघडून राह्यलं होतं, न्‌ मले आवाज नाही येऊन राह्यला." पलीकडे मोतीरामनं बोलणं थांबवलं होतं. अमरदीपनं कप खाली ठेवला. "वर्ष झालं," तो म्हणाला, आणि सांगायला लागला.